मोटारीचे सर्व्हिसिंग आणि घरच्या घरी ऑइलबदल

मोटारीच्या नियमित सर्व्हिसिंगचा खर्च तीन वाटांनी होतो. ठरावीक मुदतीने बदलावे लागणारे पदार्थ आणि सुटे भाग ही पहिली वाट, मजुरी ही दुसरी, आणि कोणी न मागताही बिलात शिरणारी कामे ही तिसरी. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दर खेपेला बदलतात. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात आणि त्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तक्त्याने दिलेल्या असतात. मजुरी गॅरेजप्रमाणे बदलते. तिसऱ्या वाटेला तक्ता नाही, आणि बिल फुगते ते बहुधा तिथेच.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील गाड्यांचा हिशेब करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. इथला नोकरदार कामाला लोकलने जातो, गाडी घरी राहते. स्टेशनपर्यंत सोडणे-आणणे, बाजार, मुलांची शाळा, आणि सुट्टीच्या दिवशी कोंडेश्वर, कर्जत किंवा मुरबाडमार्गे माळशेजची एखादी फेरी, एवढाच अनेक गाड्यांचा वर्षभराचा प्रवास असतो. अशा गाडीचे वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरही होत नाहीत. ‘दहा हजार झाले की सर्व्हिसिंग’ हा सर्वतोमुखी असलेला नियम लावला, तर तिचे ऑइल दोन वर्षे बदलले जाणार नाही. पुस्तिका मात्र किलोमीटर आणि महिने अशी दुहेरी मुदत देते आणि त्यांतले जे आधी येईल ते पाळायला सांगते. मारुतीच्या गाड्यांना पहिल्या तीन मोफत सर्व्हिसिंगनंतर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत आहे. इतर बहुतेक कंपन्यांची मुदतही याच घरातली, काहींची १५,००० किलोमीटरपर्यंत जाणारी. कमी चालणाऱ्या गाडीला यातला किलोमीटरचा आकडा लागूच पडत नाही. तिच्यासाठी कॅलेंडर हाच मीटर.

गाडी कमी चालली म्हणजे ऑइल कमी खराब झाले असे वाटते, पण रसायनशास्त्र उलटे सांगते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जाते. थोडे पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि त्याच्याबरोबर न जळलेले थोडे पेट्रोलही उतरते. इंजिन बराच वेळ गरम राहिले तर हे दोन्ही उडून जातात. कूलंटचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो, पण खाली चेंबरमधले ऑइल पूर्ण तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. घर ते स्टेशन हे दोन किलोमीटर संपेपर्यंत ते कोमटच असते. पाणी आणि पेट्रोल आत साठत जातात, आम्ल तयार होते, ऑइलमधली आम्ल मारणारी द्रव्ये खर्ची पडतात आणि हळूहळू चिकट गाळ धरतो. पावसाळ्यात ऑइलचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पांढुरकी साय दिसते, ती याच पाण्याची. ती फक्त झाकणालाच असेल तर गाडी एकदा तासभर सलग चालवावी, बहुधा जाते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ दिसत असेल तर मात्र प्रकरण वेगळे: एकतर कूलंट आत झिरपते आहे, नाहीतर बाहेरचे पाणी शिरले आहे, आणि ते काम मेकॅनिकचे.

पुस्तिकेत शेवटी-शेवटी ‘खडतर वापरा’साठी एक वेगळा तक्ता असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. वारंवार छोट्या फेऱ्या, धूळ, रेंगाळती वाहतूक, जास्त वजन, हे ते खडतर वापराचे प्रकार. कल्याण–बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला, उल्हासनगरातल्या सतरा सेक्शनच्या किंवा श्रीराम चौकाच्या सिग्नलला उभे राहणाऱ्याला, आणि बदलापुरात इमारतींच्या बांधकामांमधून वाट काढणाऱ्याला हा तक्ता आपल्याचसाठी लिहिला आहे असे समजायला हरकत नाही. त्यात ऑइलची मुदत बहुधा निम्मी केलेली असते. वर्षाला पाच हजारांच्या आत चालणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा पुरे. पण रोज कटाई नाक्यावरून नवी मुंबईला जाणाऱ्या गाडीने पाच-सात हजारांनंतर दहा हजारांची वाट पाहू नये.

ऑइलचा रंग पाहून निर्णय घेण्याची सवय मात्र सोडून द्यावी. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही दिवसांतच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. सीएनजीवरच्या गाडीत तेच ऑइल महिनोन्‌महिने सोनेरी दिसते, आणि तरीही त्याची मुदत संपलेली असू शकते.

बिल वाचताना

नव्या गाडीच्या मोफत सर्व्हिसिंगमध्ये मोफत असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टर बदलले तर त्यांचे पैसे पडतात. त्यानंतरच्या सशुल्क सर्व्हिसिंगला लहान पेट्रोल गाडीसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्रात साधारण चार ते सात हजार रुपयांचे बिल होते, आणि मोठ्या डिझेल गाडीला ते सहज दहा हजारांवर जाते. ऑइल, फिल्टर आणि मजुरी यांचा हिशेब या रकमेच्या बराच आत बसतो. उरते ते ‘इंजिन फ्लश’, ‘डीकार्बनायझेशन’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’, ‘एसी डिसइन्फेक्शन’, ‘टेफ्लॉन कोटिंग’ अशा ओळींचे. यांतल्या बहुतेक गोष्टी पुस्तिकेच्या तक्त्यात नसतात. गाडी रेस घेताना अडखळत असेल, एसीला वास येत असेल, तर त्या-त्या कामाला कारण आहे, एरवी नाही. व्हील अलाइनमेंट मात्र नाकारू नये. पावसाळ्यानंतर इथल्या रस्त्यांचे खड्डे ज्याने चाकांखाली घेतले आहेत, त्याच्या टायरची एक कड आधी झिजते, आणि अलाइनमेंटचे काही शे रुपये टायरच्या काही हजारांपुढे काहीच नाहीत.

उंदरांसाठी मारायच्या फवाऱ्याचे पैसेही हल्ली बिलात दिसतात. नाल्याकाठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदरांनी वायरिंग कुरतडणे हा खरा आणि महागडा त्रास आहे. पण फवाऱ्याचा वास पहिल्याच पावसात जातो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहिलेले बरे.

गाडी केंद्रात देताना जॉब कार्डवर कामांची यादी आणि अंदाजे खर्च लिहून घ्यावा, ‘याहून जास्त काम फोन केल्याशिवाय करू नये’ असे त्यावर लिहावे, आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. जुना एअर फिल्टर हातात आला की तो खरोखर बदलला की नुसता झटकला, हे कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या दराने लावलेली एखादी ओळ दिसली तर ती दाखवून द्यावी.

गाडी हमीच्या मुदतीत असताना बाहेर काम केले तर हमी रद्द होते, हे वाक्य काउंटरवर हमखास ऐकू येते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. ग्राहकाने बाहेरच्या दुरुस्तीदाराकडे काम केले एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्यात बजावले होते. त्या आदेशावर पुढे अपिले आणि न्यायालयीन वाद झाले. व्यवहारात पाहायचे तर इंजिनचे मोठे काम निघाल्यावर कंपनी पहिल्यांदा सर्व्हिसिंगचा इतिहास मागते, आणि घरी ऑइल बदललेल्या माणसाकडे दाखवायला फक्त दुकानाचे बिल असते. म्हणून हमी संपेपर्यंत तरी ऑइलबदल अधिकृत केंद्रातच करणे शहाणपणाचे. केंद्राच्या बिलाबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती एकत्र मिळावी म्हणून ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केले आहे, आणि त्यात मोटारींचा समावेश आहे.

घरी केल्याने किती वाचते

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात तीन ते साडेतीन लिटर ऑइल मावते, दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनात साधारण साडेतीन ते चार, आणि डिझेलला याहून जास्त. चांगले सिंथेटिक ऑइल लिटरला साधारण चारशे ते सातशे रुपये धरले, फिल्टरचे शंभर-दोनशे आणि वॉशरचे दहा-वीस, तर लहान गाडीच्या ऑइलबदलाला लागणारे सामान दीड ते अडीच हजारांत येते. एवढा खर्च कोणीही काम केले तरी व्हायचाच.

वाचते ती मजुरी. अधिकृत केंद्राशी तुलना केली तर हे वाचणे हजार-दोन हजारांपर्यंत जाते. पण उल्हासनगर कॅम्प चार-पाचमधला, अंबरनाथ पूर्वेचा किंवा बदलापूर गावाकडचा नेहमीचा मेकॅनिक नुसता ऑइलबदल दोन-चारशे रुपयांत करून देतो. त्याच्याशी तुलना केली तर घरी काम करण्याचा फायदा वर्षाला तेवढाच. समोरच्या पारड्यात अवजारे आहेत: जॅकवर उचललेली गाडी पेलणाऱ्या दोन घोड्या, टॉर्क पाना, फिल्टर पाना, ऑइल झेलायचे पसरट भांडे, नरसाळे, हातमोजे. हे सगळे साधे पण भरवशाचे घ्यायचे तर तीन-चार हजार रुपये होतात. एका गाडीवर, वर्षाला एक ऑइलबदल या हिशेबाने ते वसूल व्हायला दहा वर्षे लागतील.

तेव्हा पैसे वाचवण्यासाठी हे काम शिकणाऱ्याने आधी हा हिशेब मांडून पाहावा. घरात दोन-तीन वाहने असतील, मुदत निम्मी करण्यासारखा वापर असेल, किंवा अवजारे आधीपासूनच असतील, तर पैशाच्या दृष्टीनेही जमते. एरवी खरा फायदा हा की कोणते ऑइल आणि किती घातले हे नक्की ठाऊक असते, आणि गाडीखाली एकदा नजर फिरते. गळणारा शॉकअब्सॉर्बर, फाटलेले रबरी बूट, गंजलेला सायलेन्सर हे तिथेच दिसतात.

यामधला एक मार्ग बहुतेकांसाठी सर्वांत चांगला आहे: ऑइल, फिल्टर आणि वॉशर स्वतः विकत घ्यायचे, नेहमीच्या गॅरेजात न्यायचे, आणि समोर उभे राहून बदलून घ्यायचे. दोन-चारशे रुपये जातात, पण खाली झोपावे लागत नाही आणि काळे ऑइलही तिथेच राहते. सामानाच्या निवडीबद्दल पुढे जे लिहिले आहे, ते या मार्गालाही तितकेच लागू आहे.

कोणते ऑइल

पुस्तिकेत दोन गोष्टी दिलेल्या असतात: ऑइलचा दाटपणा आणि त्याचा दर्जा. दाटपणा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असा लिहितात. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. उल्हास खोऱ्यात पारा कधी गोठणबिंदूच्या आसपासही जात नाही, म्हणून पहिल्या आकड्याची इथे फारशी फिकीर करायला नको. दुसरा मात्र पाळलाच पाहिजे. ‘आपल्याकडे ऊन फार, दाट ऑइल घाला’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला. नव्या इंजिनांतल्या सांधी पातळ ऑइलसाठीच बेतलेल्या असतात, आणि त्यात २०डब्ल्यू-५० ओतले तर इंजिन चालू होताना वरच्या भागांपर्यंत वंगण उशिरा पोचते, शिवाय पेट्रोलही जास्त लागते. दर्जा पेट्रोल गाड्यांसाठी एपीआयच्या अक्षरांनी दाखवतात. त्यातले दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुस्तिकेत मागितलेल्या दर्जापेक्षा वरचे चालते, खालचे नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचे, एसीईए सी२ किंवा सी३ दर्जाचे ऑइल लागते. तिथे साधे डिझेल ऑइल वापरून वाचवलेले पाचशे रुपये पुढे त्या फिल्टरच्या किमतीत बुडतात.

बनावट ऑइलपासून सावध राहावे लागते. उल्हासनगरच्या नावावर नकली मालाचा ‘मेड इन यूएसए’ हा जुना विनोद अजून खपवला जातो, पण रिकाम्या डब्यांत गाळलेले जुने ऑइल भरून विकण्याचा धंदा एका गावाचा नाही, तो देशभर चालतो. ऑइल कंपनीच्या यादीतल्या विक्रेत्याकडून घ्यावे, किंवा पेट्रोल पंपावरून: इंडियन ऑइलच्या पंपावर सर्व्हो, भारत पेट्रोलियमच्या पंपावर मॅक मिळते आणि तिथे फसवणुकीची शक्यता कमी. झाकणाचे सील, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि जीएसटीचे बिल या चार गोष्टी पाहिल्याशिवाय डबा उघडू नये. वापरून झालेला डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला सुरीने भोक पाडावे. बनावट ऑइलवाल्यांना लागतो तो नेमका धड डबाच.

काम करण्याची रीत

जागा सपाट आणि कठीण हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी ठेवावी, आणि काम सुरू करण्याआधी कमिटीला विचारावे. ऑइलचा डाग ब्लॉकवरून निघत नाही. उतारावर हे काम करूच नये. पावसाळा सोडून कोणताही महिना चालतो, तरी मेचा मध्य सोयीचा, कारण वायपर, ब्रेक आणि टायर एवीतेवी त्याच वेळी तपासायचे असतात. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या आत गेली असेल तर त्या टायरवर पावसाळा काढू नये.

इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे आणि बंद करावे. गार ऑइल सावकाश उतरते आणि तळाचा गाळ मागे ठेवते. नुकत्याच कल्याणहून आलेल्या गाडीचे ऑइल हात भाजेल इतके तापलेले असते. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावाव्यात. पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचलावी आणि घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोके घालू नये, क्षणभरही नाही. या कामात जिवावर बेतू शकेल अशी एवढी एकच गोष्ट आहे, आणि घोड्या नसतील तर काम गॅरेजात न्यावे.

वरचे ऑइलचे झाकण सैल करावे, म्हणजे हवा आत जाऊन ऑइल लवकर उतरते. चेंबरच्या तळाला ड्रेन बोल्ट असतो. बहुतेक गाड्यांना १४ किंवा १७ मिलिमीटरचा पाना लागतो. भांडे थोडे मागे सरकवून ठेवावे, कारण पहिली धार सरळ खाली पडत नाही. बोल्ट हाताने सोडवताना शेवटच्या आट्यांपर्यंत आत दाबून धरावा आणि मग पटकन बाजूला घ्यावा. दहा-पंधरा मिनिटे ऑइल निथळू द्यावे. तेवढ्यात बोल्टला चिकटलेली धूळ पुसावी. काळ्या चिखलात बारीक चकाकणारी कुसळे दिसली तर ती धातूची असतात, आणि जास्त असतील तर मेकॅनिकला दाखवावीत.

बोल्ट नव्या वॉशरसह परत बसवताना सर्वाधिक चुका होतात. आजची बरीच चेंबरे अॅल्युमिनियमची असतात. बोल्ट करकचून आवळला की आटे मरतात, आणि मग नवे चेंबर किंवा आटे पाडून घेण्याचे काम अंगावर येते. आधी सुरुवातीचे आटे बोटांनीच लावावेत. तिरका लागलेला बोल्ट बोटांना लगेच कळतो, पान्याला कळत नाही. मग टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यावर, लहान पेट्रोल गाड्यांत साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटरवर, थांबावे.

फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी कडी त्याच्याबरोबर आली ना, हे बोट फिरवून पाहावे. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसला, तर पहिल्याच फेरीत सगळे ऑइल रस्त्यावर येते. गॅरेजातही हे घडते. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने थोडे ऑइल लावावे, फिल्टर हाताने फिरवत नेऊन टेकवावा, आणि त्यानंतर पाऊण फेरा आणखी द्यावा. इथे पान्याची गरज नाही. काही गाड्यांत नुसती कागदी पुडी प्लास्टिकच्या टोपीत बसते. तिथे टोपीवर छापलेला टॉर्क पाळावा.

गाडी खाली उतरवून पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा पाव लिटर कमी ऑइल ओतावे. इंजिन मिनिटभर चालवावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करावे. खाली बोल्ट आणि फिल्टर पाहावेत. पाच मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आणावी. दोन खुणांतले अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास असते. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल गेले तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणून ‘थोडे जास्त असलेले बरे’ हे इथे चालत नाही. शेवटी तारीख, किलोमीटर आणि ऑइलचे नाव एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावे, बिल पुस्तिकेत ठेवावे.

सीएनजी आणि पुराचे पाणी

या पट्ट्यात सीएनजीवरच्या खासगी गाड्या भरपूर आहेत. त्यांना ऑइल पेट्रोल गाडीचेच लागते. पण स्पार्क प्लग आणि एअर फिल्टरकडे जास्त लक्ष द्यावे लागते, कारण गॅस पेटायला ठिणगी जोरदार हवी. गॅसचे नळकांडे, जोड आणि रेग्युलेटर यांना घरी पाना लावू नये. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी सक्तीची आहे आणि तिचा खर्च सर्व्हिसिंगच्या हिशेबात आधीच धरून ठेवावा.

पुराचा प्रश्न बदलापूरकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ नंतर २०१९ च्या जुलैत उल्हास नदी पुन्हा पात्राबाहेर आली, त्याच महिन्याच्या २७ तारखेला बदलापूर–वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, आणि २०२१ च्या जुलैतही पश्चिमेच्या हेंद्रेपाडा, रमेशवाडीसारख्या सखल भागांतील पार्किंगमध्ये पाणी भरले. पाणी बंपरच्या वर गेलेली गाडी पाणी ओसरल्यावर चालू करून पाहू नये. पाणी सिलिंडरमध्ये असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही हजारांत निभावणारे काम तेव्हा इंजिन खोलण्यावर जाते. बॅटरीची वायर काढावी, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. ऑइल आणि फिल्टर तर बदलावेच लागतात, बहुधा लागोपाठ दोनदा, पण तो घरी करण्याचा ऑइलबदल नव्हे. साध्या विम्यात पाण्याने झालेले इंजिनचे नुकसान बहुधा येत नाही. सखल भागात राहणाऱ्याने ‘इंजिन प्रोटेक्ट’ची पुरवणी घ्यावी.

काळ्या ऑइलचे काय करायचे

वापरलेले इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. त्यात जड धातूंचे कण आणि कर्करोगाशी संबंध असलेली कार्बनी संयुगे असतात. म्हणून हातमोजे घालायचे आणि कपड्यांवर उडालेले लगेच धुवायचे. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला हे ऑइल फासण्याची चाल आहे. ती जुनी असली तरी चांगली नाही. ऑइल तिथून पावसाबरोबर मातीतच जाते.

गटारात ओतणे तर सर्वांत वाईट. अंबरनाथ आणि उल्हासनगरची गटारे वालधुनीला मिळतात. १०६० च्या शिलालेखाचे शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात टँकरमधून तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले होते. बदलापूरचे नाले उल्हास नदीला मिळतात, आणि त्याच नदीवर पुढे मोहिली आणि शहाडजवळ शहरांसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. एका ऑइलबदलातले वापरलेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

करायचे इतकेच: थंड झालेले ऑइल रिकाम्या डब्यात नरसाळ्याने भरावे, त्यात कूलंट, पेट्रोल किंवा पाणी मिसळू देऊ नये, कारण मिसळलेले ऑइल शुद्ध करता येत नाही. जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा ठेवून निथळू द्यावा. डबा आणि फिल्टर अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा ज्यांच्याकडे परवानाधारक संकलक येतो अशा गॅरेजला द्यावा. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने ऑइल उत्पादकांवर आली आहे, त्यामुळे सेंटरला डबा नाकारायला फारसे कारण उरत नाही. घेणारे कोणी मिळाले नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील प्रादेशिक कार्यालयाकडे चौकशी करावी. डबा द्यायची जागा आधी ठरवावी आणि मगच ड्रेन बोल्टला पाना लावावा.